मुलांच्या चालीने लंडन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आम्ही आमच्या परदेशप्रवासावर बोलावे, असा निरोप चिटणीसांनी पाठविला, तेव्हा आम्ही प्रामाणिकपणे कळविले की, लंडन शहरात अकरा दिवस राहूनही ब्रिटिश म्युझियम, लंडन टॉवर आणि ऑक्सफर्ड ही नावाजलेली ठिकाणे आम्ही पाहिलेली नाहीत. ‘मग एवढे दिवस केलेत काय?’ असे त्यांनी विचारले. ‘नातवंडांबरोबर होतो,’ असे आम्ही सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘मग त्यावरच बोला.’ म्हणून आज उभे आहोत. न पाहिलेल्या गोष्टींवर बोलण्याचा अधिकार मिळणारे या व्यासपीठावरचे आम्ही पहिलेच वक्ते असू.

मराठी माणसाला परदेशप्रवास नवा नाही आणि त्याचे वर्णन करणे तर मुळीच नवे नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले. ते वाचून आमच्या पिढीने घरबसल्या विलायत पाहिली. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या बहुतेक नामवंत प्रवासलेखकांच्या सामानात दुधाची बाटली नव्हती आणि त्यांच्या बोटाला धरून कोणी ‘पाय दुखले’ म्हणत नव्हते. लहान मूल घेऊन विलायतेस गेलेल्या मराठी व्यक्तींमध्ये सर्वांत आधी आठवतात त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मनोरमा अवघ्या दोन वर्षांची होती आणि पतीच्या निधनास जेमतेम वर्ष उलटले होते. तो प्रवास विद्येसाठी होता, सुट्टीसाठी नव्हे. तरीही अनोळखी देश, अनोळखी भाषा आणि कडेवर मूल, या अवस्थेत त्या माउलीने काय काय निभावले असेल, याची कल्पना आम्हांस लंडनला गेल्यावर प्रथमच आली.

आमच्या प्रवासाची हकीकत अशी. २०२३ च्या मे महिन्यात आमची लेक, जावई, सात वर्षांचा नातू, चार वर्षांची नात आणि आम्ही उभयता असे सहाजण निघालो. सरकारी नोकरास परदेशी जायचे तर कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती घेतली. रजा प्रवास सवलत भारताच्या सीमेपलीकडे जात नाही, त्यामुळे खर्च आपापल्या बचतीतून करायचा होता. साहजिकच शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट यांनी सल्ले दिले. त्यांतला मुख्य सल्ला एकच होता : ‘एवढ्या लहान मुलांना काय कळणार? काय आठवणार? पैसे पाण्यात जातील. मुले मोठी होऊ द्या, मग जा.’ हा आक्षेप निराधार नव्हता. तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे बहुधा कोणासच आठवत नाही आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्याही आठवणी विरळच असतात. या आक्षेपाचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. तेव्हा मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळ होता तो एक तक्ता.

आमची सारी हयात कार्यालयात गेली. कोणतेही काम तक्त्याशिवाय होते, यावर आमचा विश्वास नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने खपून आम्ही अकरा दिवसांचा कार्यक्रम आखला. सकाळी नऊ ते सायंकाळी सात, दिवसाला चार स्थळे. त्यात लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते हौली प्लेसचे घर होते, हायगेटमधील इंडिया हाउसची इमारत होती, किंग हेन्रीज रोडवरील डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान होते, संग्रहालये होती, राजवाडा होता. नातवंडांना इतिहास कळावा, आपली माणसे या शहरात कशी राहिली हे दिसावे, अशी आमची खरी तळमळ होती. आमच्या सौभाग्यवतींनी तो तक्ता वाचला आणि विचारले, ‘यात मुलांनी झोपायचे केव्हा?’ आम्ही तो प्रश्न मनावर घेतला नाही. त्या आज समोरच बसल्या आहेत, म्हणून ही कबुली जाहीरपणे देऊन टाकतो.

माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरून आम्ही दिल्लीस आणि तेथून लंडनला गेलो. मे महिन्यात लंडनची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते. हे आम्हांस ठाऊक होते, पण ते कागदावर. मुलांचे शरीर कागद वाचत नाही. रायपूरला सकाळी सातला उठणारी मुले लंडनला पहाटे अडीचला टक्क जागी झाली आणि दुपारी साडेचारला, म्हणजे आमच्या तक्त्याप्रमाणे तिसरे स्थळ चालू असताना, जागच्या जागी पेंगू लागली. उलट रात्री नऊपर्यंत बाहेर उजेड, त्यामुळे ‘अंधार पडल्याशिवाय झोप कशी?’ हा धाकटीचा बिनतोड युक्तिवाद. पहिले तीन दिवस आमच्या घरी पहाटे तीनला स्वयंपाक झाला. दुग्धजन्य पदार्थ त्या देशात नेण्यास मनाई असल्यामुळे तुपाची बरणी रायपूरलाच राहिली होती, पण मेतकूट होते. भाड्याच्या घराच्या खिडकीशी बसून आजीने दोघांना मेतकूट-भात भरवला आणि खाली निर्मनुष्य रस्त्यावर चक्क एक कोल्हा चालत गेला. लंडनच्या वस्तीत रात्री कोल्हे फिरतात, हे आमच्या तक्त्यात कोठेही नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती घटना घडली. तिच्यामुळेच आज बोलण्यासारखे काही आमच्याजवळ आहे.

सकाळपासून आम्ही दोन स्थळे उरकली होती. ‘उरकली’ हाच शब्द योग्य. नात बाबागाडीत रडत होती. नातू मुकाट्याने चालत होता, पण त्याची पावले जड झाली होती. आम्ही त्याला दोनदा टाकून बोललो होतो : ‘इतक्या दूर आलो ते काय रस्त्यात बसायला?’ दुपारी एका भुयारी स्थानकात शिरलो. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची, जगातली पहिली. त्यामुळे तिच्या कित्येक जुन्या स्थानकांत पायऱ्याच पायऱ्या आहेत. लेक आणि जावई बाबागाडी उचलून मागून येत होते, सौभाग्यवती त्यांच्याबरोबर होत्या आणि नातवाचा हात आमच्या हातात होता. गाडी आली. ही आपली की पुढची, हे पाहण्यासाठी आम्ही हात सोडून खिशातला तक्ता काढला. नातू नेहमीच्या सवयीने आत चढला. आम्ही मान वर केली तोवर दारे लागली होती. काचेपलीकडे त्याचा चेहरा दिसला आणि गाडी बोगद्यात गेली.

बंधुभगिनींनो, आम्ही नोकरीत पूर पाहिले, दुष्काळ पाहिले, चौकशा पाहिल्या. पण त्या फलाटावर जसे आमचे पाय गळाले, तसे कधी गळाले नव्हते. ऐंशी-नव्वद लाख वस्तीचे परके शहर, सात वर्षांचे मूल, आणि हात सोडला तो आम्ही. तोंडातून शब्द फुटेना. पुढची गाडी दोन-तीन मिनिटांत आली. आम्ही आणि लेक तीत चढलो. ती काहीच बोलली नाही. एका स्थानकाचे ते अंतर किती मिनिटांचे होते, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही.

पुढच्या स्थानकावर नातू उभा होता. भिंतीला पाठ टेकून, हात बाजूला सरळ, शाळेत प्रार्थनेला उभे राहावे तसा. शेजारी एक वयस्कर बाई आणि निळ्या गणवेशातला एक कर्मचारी उभे होते. कर्मचाऱ्याच्या हातात नातवाच्या खिशातील चिठ्ठी होती. तिच्यावर आमचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक होता. तो रडला नव्हता. आईला पाहून एवढेच म्हणाला, ‘मी पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि हललो नाही. तू सांगितले होतेस ना.’

लेकीने खरोखरच सांगितले होते. लंडनला पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने घरातल्या दोन खुर्च्यांची आगगाडी करून दोन्ही मुलांकडून तालीम करून घेतली होती : तू गाडीत राहिलास तर पुढच्या स्थानकावर उतर आणि तिथेच थांब, आम्ही येतो. तू फलाटावर राहिलास तर हलू नकोस, आम्ही परत येतो. आमच्या मागे धावायचे नाही. गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची. आम्ही त्या वेळी वर्तमानपत्रातून डोके वर काढून हसलो होतो. आमच्या दोन महिन्यांच्या तक्त्याने नातवाचा हात सोडायला लावला आणि लेकीच्या दहा मिनिटांच्या खेळाने तो परत मिळवून दिला, हा हिशेब आम्हांस मांडावाच लागतो.

त्या रात्री आम्ही तक्ता फाडला नाही, कारण सरकारी नोकर कागद फाडत नाही. तो बॅगेच्या तळाशी ठेवला. उरलेल्या आठ दिवसांसाठी घरातल्या स्त्रियांनी नवे नियम केले. ते आपल्यापैकी कोणी निघणार असेल, त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून सांगतो. दिवसाला एकच मुख्य ठिकाण, तेही सकाळी, मुले ताजी असताना. दुपारी घरी परत येऊन झोप. मुक्काम शहराच्या मध्यापासून थोडा दूर चालेल, पण बाग आणि बसथांबा जवळ हवा. प्रत्येक मुलाची जबाबदारी एका ठरलेल्या माणसावर आणि ती सोपविताना तोंडाने सांगायचे, ‘आता हा तुमच्याकडे.’ भुयारी रेल्वेऐवजी शक्य तेथे बस. अकरा वर्षांखालील मुलांना दोन्हींत मोठ्यांबरोबर भाडे पडत नाही आणि दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरील पुढचे बाकडे मिळाले, तर मुलांना दुसरे प्रेक्षणीय स्थळ लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात संग्रहालये टाळावीत. आणि शेवटचा नियम : एक दिवसाआड ठिकाण मुलांनी निवडायचे.

मुलांनी पहिल्यांदा निवडले ते निसर्गेतिहासाचे संग्रहालय. साउथ केन्सिंग्टनमधील ही भव्य इमारत १८८१ साली उघडली आणि तेथे प्रवेशास मूल्य नाही. मुख्य दालनात शिरताच छतापासून टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. लांबी २५.२ मीटर, जणू आपल्या अंगावर सूर मारीत आहे, अशा रीतीने मांडलेला. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेलेली ही मादी. २०१७ पासून ती या दालनात आहे आणि तिचे नाव ‘होप’, म्हणजे आशा, असे ठेवले आहे. शिकारीने नामशेष होत आलेल्या या जातीला संरक्षण देण्याचा निर्णय १९६६ साली याच लंडन शहरात झाला, त्याची ती खूण. हे सारे आम्ही फलकावरून वाचले. नातू खाली उताणा झोपला आणि मणके मोजू लागला. नातीने मात्र विचारले, ‘हिची आई कुठे गेली?’ आम्ही उत्तर शोधीत तिच्याशेजारी खाली बसलो. पाऊण तास आम्ही चौघे त्या सांगाड्याखाली बसून होतो. तक्त्याप्रमाणे त्या दालनाला सात मिनिटे होती.

केन्सिंग्टन उद्यानात युवराज्ञी डायनाच्या स्मरणार्थ २००० साली मुलांसाठी केलेले एक क्रीडांगण आहे. मधोमध चाच्यांचे मोठे लाकडी जहाज, भोवती वाळू. तेथील पद्धत आम्हांस फार आवडली. खेळाच्या वेळेत मुलाशिवाय मोठ्या माणसाला आत सोडीत नाहीत. जन्मभर आपण मुलांना ‘मोठ्यांबरोबर आलास तरच आत,’ असे सांगत आलो. येथे नातवाच्या पुण्याईने आम्हांस प्रवेश मिळाला.

आता आपण विचाराल की, टिळक, सावरकर, आंबेडकर यांचे काय झाले? तिघांपैकी एकाच्याच घरी आम्ही गेलो, पण नीट गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ती वास्तू विकत घेतली आणि तेथे स्मारक झाले. आम्ही मुलांना आधी जवळच्या प्रिमरोझ टेकडीवर तासभर मनसोक्त लोळू दिले आणि मग त्या घरी नेले. बाबासाहेबांची पदवी, प्रबंध, बॅरिस्टरीचे शिक्षण यांविषयी सांगण्याची आमची तयारी होती. नातवाने खोली पाहिली आणि विचारले, ‘ते इथे एकटेच राहायचे?’ होय, आम्ही म्हणालो, पत्नी रमाबाई आणि मुलगा यशवंत मुंबईत होते. ‘मग त्यांना घरची आठवण आली की ते काय करायचे?’

आम्ही बी.ए. झालेले. इतिहास हा आमचा आवडीचा विषय. बाबासाहेबांची चरित्रे आम्ही वाचली आहेत. पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. नातवाला तो पडला, कारण चारच दिवसांपूर्वी त्या शहरात काही मिनिटे तो स्वतः एकटा उभा राहिला होता. आम्ही म्हणालो, ‘अभ्यास करायचे.’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग खिडकीजवळ जाऊन बाहेर पाहू लागला. दिवसाला चार स्थळांच्या हिशेबाने आम्ही त्याला त्या घरी नेले असते, तर तो पेंगुळलेला असता आणि हा प्रश्न विचारला गेला नसता.

आता त्या पहिल्या आक्षेपाकडे वळू. मुलांना काय आठवते? परवा या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही दोघांनाही विचारले. नातवाला देवमासा आठवतो, ते स्थानक आठवते, आणि ‘आजोबा, तुम्ही रडत होतात,’ हेही आठवते. नातीला देवमासा आठवत नाही, राजवाडा आठवत नाही, जहाजही पुसट आठवते. तिला आठवतो तो कोल्हा, अंधारातली खिडकी आणि आजीच्या हातचा मेतकूट-भात. म्हणजे शेजाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले. लंडन दाखवावे म्हणून चार वर्षांच्या मुलाला लंडनला नेण्यात अर्थ नाही. परंतु घरची सहा माणसे अकरा दिवस एकमेकांच्या सहवासात राहिली, कोणी कार्यालयात गेले नाही, आजोबांना चूक कबूल करावी लागली, आजीला पहाटे तीनला गोष्ट सांगावी लागली, हे मुलांत कोठेतरी मुरते, असे आम्हांस वाटते. आठवण राहिली नाही तरी वळण राहते.

या संदर्भात आपल्याच गावची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८७७ साली एक चौदा वर्षांचा मुलगा वडिलांकडे रायपूरला यायला निघाला. आगगाडी येथवर आली नव्हती. कित्येक दिवसांचा बैलगाडीचा प्रवास, विंध्याचे दाट जंगल. बरोबरच्या मोठ्यांना रस्त्याची आणि श्वापदांची काळजी असेल. त्या मुलाने कड्याच्या खबदाडीत वरून खालपर्यंत लोंबणारे एक प्रचंड मधाचे पोळे पाहिले, आणि त्या मधमाश्यांच्या राज्याचा विचार करता करता तो इतका तल्लीन झाला की त्याला देहभान राहिले नाही. तो मुलगा म्हणजे नरेंद्र दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद. ज्या विमानतळावरून आम्ही उडालो, त्याला त्यांचेच नाव आहे. मुलाला प्रवासात काय दिसेल, हे आपण ठरवू शकत नाही. त्याला पाहण्यापुरता वेळ मात्र आपण देऊ शकतो. ती बैलगाडी सावकाश चालत होती, हे त्या मुलाचे आणि जगाचे भाग्य.

शेवटची गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. परत आल्यावर आठवडाभराने नातीने विचारले, ‘आपल्या रायपूरच्या म्युझियममध्ये काय टांगले आहे?’ आम्ही निरुत्तर झालो. महंत घासीदास संग्रहालयासमोरून आम्ही वर्षानुवर्षे ये-जा केली, पण आत पाऊल टाकले नव्हते. पुढच्या रविवारी सकाळी गेलो. आपल्या रायपूरच्या या संग्रहालयाची स्थापना १८७५ सालची, म्हणजे लंडनची ती देवमाशाची इमारत उघडण्याच्या सहा वर्षे आधीची! सिरपूरला सापडलेल्या धातूच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर, महानदीच्या काठी, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी असे कारागीर राहत होते, हे आम्ही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पाहिले. नातवंडे तेथे दीड तास रमली. विमानाचे तिकीट लागले नाही, परवानगी लागली नाही, तुपाची बरणीही घरी ठेवावी लागली नाही.

म्हणून ज्यांना परदेशी जाणे शक्य आहे, त्यांनी मुलांना खुशाल न्यावे, पण मुलांच्या चालीने चालावे आणि हात सोडू नये. ज्यांना शक्य नाही, त्यांनी मुलांचे काही हुकले, असे मुळीच मानू नये. आणि मंडळास आमची नम्र सूचना अशी की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिन्यातून एका रविवारी सभासदांच्या मुलानातवंडांना गावातले किंवा जवळपासचे एकच ठिकाण दाखवावे : कधी हे संग्रहालय, कधी सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर, कधी नव्या रायपूरचे पुरखौती मुक्तांगण. एका वेळी एकच ठिकाण. तक्ता करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करतो. मात्र त्यात प्रत्येक रविवारी एकच ओळ असेल आणि दुपारची झोप आमच्या सौभाग्यवती तपासून घेतील.